पोट्ट्याची हरकत

राजूर कॉलरीत 'ताबा' या शब्दाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वणीच्या आसपासच्या या पट्ट्यात जमिनीखाली कोळसा आहे, आणि जमिनीखाली कोळसा असला की वरच्या माणसाला आज ना उद्या ताब्याची भाषा शिकावीच लागते. मोबदला कधी येईल, नोकरी कोणाला लागेल, याबद्दल मतभेद होतील. ताबा गेला म्हणजे काय झाले याबद्दल होत नाहीत. म्हणून गेल्या उन्हाळ्यात एका ओसरीवर बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचताना 'मुलाचा ताबा आईकडे' हा मथळा माझ्या तोंडून निघाला, तेव्हा शेजारी तूर निवडत बसलेल्या आजीबाईंनी मान वर न करता विचारले, "पोट्टं म्हंजे का वावर होय, ताबा घ्याले?"

बातमी परदेशी राहणाऱ्या एका मराठी जोडप्याची होती. एकाने मूल घेऊन भारत गाठला, दुसरा तिथल्या न्यायालयात गेला, आणि मग दोन देशांची न्यायालये एकमेकांकडे पाहू लागली. अशा बातम्या आता नव्या राहिलेल्या नाहीत. मला अडवले ते आजीबाईंच्या प्रश्नाने. त्यातले तीन शब्द डोक्यात राहिले: पोट्टं, वावर आणि ताबा. वावराची व्युत्पत्ती मोह पाडणारी आहे, पण ती दुसऱ्या दिवसासाठी ठेवू. ताब्यापासून सुरुवात करणे बरे.

अरबीत त-ब-अ या धातूचा अर्थ मागून चालणे, अनुसरणे. त्यापासून 'ताबिअ', म्हणजे मागे चालणारा, अनुयायी. फारसीतून तो आपल्याकडे 'ताबे' होऊन आला आणि 'अमुकाच्या ताबे असणे' म्हणजे त्याच्या आज्ञेत असणे, असा रुळला. म्हणजे मुळात हा शब्द धरणाऱ्याचा नव्हे, धरलेल्याचा. 'ताबेदार' या शब्दात हा जुना अर्थ अजून जिवंत दिसतो: फौजदाराकडे फौज, जमादाराकडे जमात, तर ताबेदाराकडे खरे म्हणजे ताबा असायला हवा, मालकी असायला हवी, पण ताबेदार म्हणजे चाकर! त्याच्यापाशी जे आहे ते अनुसरण आहे, सत्ता नाही. मराठीने पुढे केव्हातरी या शब्दाचे तोंड फिरवले. मागे चालणाऱ्याचा शब्द पुढे चालणाऱ्याने घेतला आणि ताबा म्हणजे मालकाची मूठ झाली. शेताचा ताबा, घराचा ताबा, चेंडूवरचा ताबा, जिभेवरचा ताबा. पोलीसही ताब्यातच घेतात. मूठ म्हटली की 'कब्जा' आठवतो. तो थेट मुठीचाच शब्द, अरबी क-ब-ज म्हणजे घट्ट धरणे. तलवारीची मूठ तो कब्जा आणि पोट घट्ट धरून बसते ती कब्जही त्याचीच बहीण. सातबाऱ्यावर कब्जेदार आणि वैद्याकडे कब्ज. एकाच घराण्यातल्या भावंडांचे नशीब कसे वेगळे निघते पहा.

इंग्रजीतला 'कस्टडी' लॅटिन 'कुस्तोस'पासून, म्हणजे पहारेकऱ्यापासून आला. तेव्हा आईबापांच्या भांडणात मुलासाठी इंग्रजीने पहारा निवडला आणि मराठीने ताबा. दोन्ही शब्द तुरुंगालाही चालतात. आजीबाईंचा प्रश्न त्यामुळे रास्त होता. फक्त 'ताबा'चा जुना अर्थ धरला तर चित्र थोडे गोड होते: बोट धरून मागे मागे चालणारे पोर. ते ज्याच्या मागे चालते त्याच्या ताब्यात. पण मग पोराने बोट सोडले आणि वळून दुसरीकडे पाहिले तर? या प्रश्नावरच तर सगळा खटला असतो.

आता अशा बातम्यांतला दुसरा शब्द, 'अपहरण'. हृ हा संस्कृतातला बहुधा सर्वांत पळवला गेलेला धातू असावा. मूळ अर्थ साधा, नेणे. त्याच्या मागे उपसर्ग लागला की तो कुठल्या कुठे जातो: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. जुन्या वैयाकरणांनी नेमके याच धातूचे उदाहरण घेऊन म्हटले आहे की उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडे नेतो. म्हणजे नेण्याच्या धातूलाच उपसर्ग पळवून नेतात! व्याकरणाच्या पुस्तकात इतका शुद्ध विनोद क्वचित सापडतो. यातला 'अप' म्हणजे दूर, बाजूला. तो लॅटिन 'अब' आणि ग्रीक 'अपो' यांचा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे 'ॲबडक्शन'चे पहिले अक्षर आणि 'अपहरण'चे पहिले अक्षर हजारो वर्षांपूर्वी एकाच अंगणात खेळलेले. दुसरा अर्धा मात्र वेगळा, लॅटिन 'दूकेरे' म्हणजे वाट दाखवत नेणे. 'किडनॅप' त्याहून गावठी. किड म्हणजे पोर आणि नॅप म्हणजे झटकन उचलणे. सतराव्या शतकात अमेरिकेतल्या मळ्यांवर राबवायला इंग्लंडमधून पोरे उचलली जात, त्या धंद्यात हा शब्द जन्मला. म्हणजे तो खास मुलांसाठीच घडलेला. पुढे मोठ्यांनाही लागू झाला.

मराठीने 'अप' आणि 'हृ' यांच्या जोडीतून दोन शब्द काढले आणि कामे वाटून दिली. माणसाचे होते ते अपहरण आणि पतसंस्थेतल्या पैशांचा होतो तो अपहार. संस्कृतात ही वाटणी इतकी काटेकोर नव्हती. तिथे द्रव्याचेही अपहरण होई. वाटणी कधी झाली असावी हे सांगणे कठीण, पण ती आपल्या जीवनाला फार सोयीची ठरलेली दिसते.

विदर्भात बसून हरणाबद्दल बोलायचे आणि रुक्मिणीला वगळायचे, हे शक्य नाही. वणी तालुक्याची कड धरून जी वर्धा नदी वाहते, तिच्याच काठी वर, अमरावती जिल्ह्यात, कौंडिण्यपूर. भावाने, म्हणजे रुक्मीने, ठरवलेले स्थळ तिला नको होते. तिने पत्र पाठवले आणि कृष्णाने तिला रथात घालून नेले. रुक्मीच्या बाजूने पाहिले तर हे सरळ हरण आहे. संस्कृत परंपरा त्याला रुक्मिणीहरण म्हणतेही. पण मराठी कवींची निवड पहा. महानुभाव नरेंद्राचे काव्य 'रुक्मिणीस्वयंवर', आणि पुढे एकनाथांचेही 'रुक्मिणीस्वयंवर'. रथ तोच, घोडे तेच, पाठलागही तोच. फक्त नाव ठेवताना जिला नेले तिचे मत विचारले, आणि हरणाचे स्वयंवर झाले. शब्द कुठल्या बाजूला उभा राहतो त्यावर घटना बदलते, हे आपल्या कवींना वकिलांच्या कितीतरी आधी कळलेले दिसते.

रुक्मिणी मात्र मोठी होती. लहानग्यांचे काय? भारतीय दंड संहितेने इथे दोन गुन्हे वेगळे मांडले. 'किडनॅपिंग' हा मुख्यतः मुलांबाबतचा, आणि त्यात मुलाची संमती होती की नव्हती याला काहीच किंमत नाही. पालकाच्या संमतीशिवाय नेले एवढे पुरे. 'ॲबडक्शन' कोणत्याही वयाच्या माणसाचे होऊ शकते, पण तिथे बळ किंवा कपट लागते. हिंदी पाठात पहिल्याला 'व्यपहरण' आणि दुसऱ्याला 'अपहरण' म्हटले आहे. नुसता एक 'वि' जास्त, पण त्या 'वि'ने मुलाची संमती पुसून टाकली. २०२४च्या जुलैपासून संहितेचे नाव न्याय संहिता झाले, कलमाचा आकडा बदलून १३७ झाला, आणि मुलाला सोळा, मुलीला अठरा ही जुनी तफावत जाऊन दोघांनाही अठराची मर्यादा आली. संमतीचे तेवढे होते तिथेच राहिले.

आणि नेणारा बापच असेल तर? २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे विदर्भातलेच एक प्रकरण आले. खंडपीठाने म्हटले की न्यायालयाने मनाई केलेली नसेल तर जन्मदात्या बापाने स्वतःच्या मुलाला आईकडून नेणे हे या कलमाखाली अपहरण ठरत नाही, कारण तोही कायद्याने पालकच आहे. 'पालक' हा शब्दही गमतीचा. पाळणारा तो पालक, आणि पाळत ठेवतो तोही त्याच पाळण्याच्या घरातला दिसतो. भाजीतला पालक मात्र वेगळा, संस्कृत पालंक्यातून आलेला. खंडपीठाला अर्थातच पहिल्याशी काम होते.

देशाच्या सीमा मध्ये आल्या की ही सरळ वाट वाकते. द हेग इथे २५ ऑक्टोबर १९८० रोजी झालेला करार नेमका यासाठी आहे. एका पालकाने मूल परस्पर दुसऱ्या देशात नेले तर ते आधी जिथे राहत होते तिथे लवकर परत पाठवावे, आणि ताब्याचे भांडण तिथल्याच न्यायालयाने सोडवावे. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. विधी आयोगाने २००९च्या २१८व्या अहवालात सामील होण्याची शिफारस केली, २०१६च्या २६३व्या अहवालात विधेयकाचा मसुदाही दिला, तरी पाऊल पुढे पडलेले नाही. कारणांत एक मोठे कारण आहे, आणि ते मला एका मराठी शब्दात सापडते.

तो शब्द म्हणजे माहेर. मातृगृह, मग प्राकृतात माइहर, आणि मग माहेर, अशी त्याची वाट असावी. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे म्हणे मुलाला भेटायला म्हणून नेऊन पसार होणारा बाप होता. प्रत्यक्षात पुढे न्यायालयांपुढे जी प्रकरणे आली त्यांत मूल नेणारी बहुतेक वेळा आई निघाली, आणि बरीचशी आपल्या देशी, आपल्या माणसांत परतलेली. कराराच्या भाषेत हे गैररीत्या नेणे. आपल्या भाषेत 'ती पोराला घेऊन माहेरी आली.' या वाक्यात गुन्हा कुठे शोधायचा? सासरी जाच झाला, पोर कडेवर घेतले आणि बाई माहेरी आली, याला मराठीत आजवर अपहरण कोणी म्हटलेले नाही. जात्यावरच्या ओव्यांचे अर्धे जग याच वाटेवर चालते. दुसरीकडे, अमेरिकेत सकाळी उठून रिकामी खोली पाहणाऱ्या बापालाही हा शब्द काही देत नाही. माहेराला वडिलांची बाजू नसते, कारण शब्दात गृह फक्त मातेचे आहे. भाषेने इथे एका बाजूचा वकील नेमून ठेवलेला दिसतो, आणि मी मराठी माणूस म्हणून त्या वकिलावर लोभ करतो हेही कबूल केले पाहिजे.

कराराचे तेरावे कलम मला सर्वांत आवडते, ते त्यातल्या एका सर्वनामासाठी. मूल परतायला हरकत घेत असेल, आणि त्याचे मत विचारात घ्यावे असे वय व समज त्याला आलेली असेल, तर न्यायालय त्याला परत पाठवण्यास नकार देऊ शकते, असा या कलमाच्या एका भागाचा आशय. इंग्रजी मसुद्यात मुलाच्या मताबद्दल बोलताना वापरलेले सर्वनाम नपुंसकलिंगी आहे, खुर्चीटेबलाला वापरतात तेच. इंग्रजी वाचकाला ते थोडे खटकत असावे. आपल्याला मुळीच नाही. ते मूल, ते पोर, ते लेकरू, ते बाळ, ते कार्टे. मराठीत बालपण नपुंसकलिंगातच जाते, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. उलट 'ते' म्हणण्यात एक माया आहे. कायदा थंडपणे जे करतो ते मराठी आई कडेवर घेऊन करते.

या नपुंसकलिंगी गोतावळ्यात 'मूल' मला सर्वांत संशयास्पद वाटते. संस्कृत मूल म्हणजे मुळी, झाडाचे मूळ. वंशाचे मूळ ते मूल, असे सांगून लोक मोकळे होतात. पण मराठीचा एक जुना नेम आहे. संस्कृतातला दोन स्वरांमधला एकटा ल मराठीत येता येता ळ होतो. बाल चे बाळ, फल चे फळ, काल चे काळ, आणि खुद्द मूल चे मूळ. मग लेकराच्या 'मूल'मधला ल तसाच कसा राहिला? एक तर तो पंडितांच्या हातून उशिरा, तत्सम म्हणून आला असावा, किंवा मागे कुठेतरी जोड ल्ल असावा, किंवा या मुलाचा बाप निराळाच कोणीतरी असावा. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६चा व्युत्पत्तिकोश हाताशी ठेवून वाचकांनीही यावर डोके चालवावे. मला एकट्याला हे पेलणारे नाही.

आजीबाईंचे 'पोट्टं' याहून मजेचे. पोट्टा, पोट्टी, पोट्टं, पोट्टे हा वऱ्हाड-नागपूरकडचा हुकमी शब्द. 'पोर'शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. पोर बहुधा संस्कृत पोत म्हणजे पिल्लू याच्या घरातला. पण पोतातून ट्ट काढता येत नाही. शिवाय मराठीला जोडाक्षरे सोडून स्वर लांबवण्याची सवय: कम्म चे काम, हत्थ चा हात. प्राकृतातल्या पोट्ट या शब्दाचेही तिने पोट केले. मग पोट्ट्यात ट्ट ठणठणीत कसा उरला? पोटचे ते पोट्टं, असे म्हणावे, तर तेलुगूतही पोट्ट म्हणजे पोटच. आणि तेलुगूतच पोट्टि म्हणजे ठेंगणा, बुटका. वणीहून दक्षिणेला निघाले की पैनगंगा ओलांडताच आदिलाबादची तेलुगू सुरू होते. खाणीवर तेलुगू बोलणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तेव्हा 'पोट्टं' म्हणजे पोटातून आलेले की नुसतेच बुटके, हा वाद नदीच्या अलीकडे सुटेल असे दिसत नाही. दोन भाषांच्या मध्ये उभे असलेले हे एक पोरच आहे म्हणा.

गावाच्या नावाचीही तीच गत. राजपूर, मधला प गळून राजऊर, आणि मग राजूर, ही संस्कृतची बाजू. तेलुगूत ऊरु म्हणजे गाव, तेव्हा राज-ऊर, ही द्राविडी बाजू. जालन्याकडे राजूर आहे, अकोल्याच्या नव्हे तर अकोले तालुक्यात राजूर आहे, शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात राजुरा आहे. प्रत्येकाचा निकाल कदाचित वेगळा लागेल. वणीच्या राजूरबाबत दोन्ही पक्षांची कागदपत्रे मला सारखीच भक्कम वाटतात, आणि गाव स्वतः याबाबतीत कोणतीही पसंती दाखवत नाही.

पसंतीवरून १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्याकडे येतो. सतराव्या कलमात म्हटले आहे की अज्ञानाला समजून पसंती ठरवण्याइतके वय आले असेल तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकेल. अज्ञान! आपल्या कायद्याच्या मराठीत अठराच्या आतल्या माणसाचे हे अधिकृत नाव. तलाठ्याच्या दफ्तरात 'अ.पा.क.' असा शेरा दिसतो तो 'अज्ञान पालनकर्ता' याचा. बाप गेला, जमीन पोराच्या नावावर चढली, की पोराच्या पुढे ही तीन अक्षरे बसतात. लॅटिन 'मायनर' म्हणजे नुसता धाकटा. हिंदीतला 'नाबालिग' म्हणजे अजून न पोचलेला, कारण अरबी ब-ल-ग म्हणजे पोचणे. कौटिल्याच्या भाषेत वयात आलेला तो 'प्राप्तव्यवहार', ज्याच्या हाती व्यवहार आला तो. धाकटा, न पोचलेला, व्यवहार न मिळालेला; सगळे सभ्य. आपणच तेवढे सरळ अज्ञान म्हणून बसलो, आणि आता त्या अज्ञानाला मत विचारायचे आहे. नारदस्मृतीत शिशू आठ वर्षांपर्यंत, आणि पुढे सोळापर्यंत बाल, त्यालाच पोगंड म्हणतात, असा हिशेब आहे. हेगचा करारही मूल सोळाचे झाले की लागू होत नाही. नारद आणि हेग यांची भेट कुठे झाली नसणार, पण आकडा एकच निघाला.

महाराष्ट्रातले या विषयातले जुने, गाजलेले प्रकरण पुण्याचे. आई अमेरिकन, बाप पुण्याचा, घटस्फोट मिशिगनमध्ये झालेला. तिथल्या न्यायालयाने मुलगा आईकडे दिला आणि शनिवार-रविवारी भेटण्याची मुभा बापाला दिली. १९८६च्या जानेवारीत बापाने शाळेतून मुलाला घेतले आणि थेट भारत गाठला. आई सर्वोच्च न्यायालयात आली. त्याच वर्षी नोव्हेंबरात निकाल लागला. न्यायमूर्तींनी मुलाला दोनदा आपल्या दालनात बोलावून त्याच्याशी गप्पा मारल्या, आणि निष्कर्ष काढला की तो इतका कोवळा आहे की कोणाजवळ राहावे याबद्दल स्वतःचे असे मत तो बनवू शकत नाही. मुलगा आईकडे परत गेला. तो तेव्हा आठ वर्षे नुकतीच पुरी करून उभा होता, नारदाच्या शिशूपणाच्या उंबऱ्यावर. मला त्या निकालातला 'दोनदा' फार महत्त्वाचा वाटतो. एकदा बोलून मत कळले नाही म्हणून पुन्हा बोलावले. जे मत नाहीच असे शेवटी ठरले, ते दोनदा विचारले गेले.

'मत' हे मन् धातूचे भूतकृदंत, विचार केलेले. त्याच धातूतून मती आणि मनन आली, मंत्रही आला, आणि आपल्या लोकशाहीने 'मत' या शब्दाला मतपेटीतही टाकले. १९८९च्या मार्चमध्ये मतदानाचे वय एकवीसचे अठरा झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार झाला, ज्याच्या बाराव्या कलमाने मुलाला आपल्याबाबतच्या प्रत्येक गोष्टीत मत मांडण्याचा हक्क दिला. भारत त्यात १९९२च्या डिसेंबरात सामील झाला. तेव्हापासून मराठीत बोलायचे तर अठराच्या आतल्या पोराला मत आहे आणि मत नाहीही. ते मत ऐकायला मुलाला बोलावतात ती सुनावणी. हा शब्द हिंदीतून आला असावा, पण मराठीत 'सुनावणे' म्हणजे चार गोष्टी सुनावणे. ज्याने जन्मभर सुनावणीचा हाच अर्थ अनुभवला, त्या पोराला 'उद्या तुझी सुनावणी आहे' सांगून पहा.

२०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकातल्या एका प्रकरणात फार नेमका भेद केला. मुलाची इच्छा काय, हा एक प्रश्न. मुलाचे हित कशात, हा दुसरा. पहिला मुलाशी बोलून कळेल, दुसरा न्यायालयाने सगळी परिस्थिती पाहून ठरवायचा. मूल अमेरिकेला परत पाठवावे असे ठरले. निकाल बाजूला ठेवा आणि दोन शब्द उलगडा. इच्छा इष् धातूतून, शोधणे, चाहणे. ती आतून उठते. हित मात्र धा धातूचे कर्मणी भूतकृदंत, म्हणजे 'ठेवलेले'. निहित, विहित, सहित, सगळी त्याचीच भावंडे. इच्छा ज्याची त्याची असते. हित कोणीतरी ठेवलेले असते. न्यायमूर्तींना संस्कृत आठवले असेल असे नाही, पण धातूंनी निकालाचे काम आधीच अर्धे करून ठेवलेले होते.

आता तेराव्या कलमातली हरकत. हा शब्द अरबी, ह-र-क, हलणे. अरबी लिपीत व्यंजनांवर-खाली लावायच्या ऱ्हस्व स्वरांच्या खुणांना हरकतच म्हणतात, कारण त्या अचल व्यंजनाला हलवतात. गाण्यात गवई घेतो ती हरकतही तीच, सुराची एक छोटी उडी. हिंदीत हरकत म्हणजे चाळा, खोडी, न शोभणारे वागणे. पोलीस 'हरकत में' आले तर मात्र कामाला लागले. मराठीत येताना हा शब्द अडथळ्याकडे वळला. मोल्सवर्थच्या शब्दकोशानेही अडथळा, अटकाव असाच अर्थ दिलेला आहे. हालचाल, मग कोणाच्या कामात केलेली हालचाल म्हणजे अडथळा, मग तो तोंडी अडथळा म्हणजे आक्षेप, अशी पायरी असावी. आता जमिनीच्या नोटिशीवर तलाठी हरकती मागवतो, आणि आपण दिवसातून दहा वेळा 'हरकत नाही' म्हणून जगाला मोकळे करतो. 'आक्षेप' खरे तर इंग्रजी शब्दाशी जास्त जुळतो, कारण क्षिप् म्हणजे फेकणे आणि 'ऑब्जेक्शन'मधला लॅटिन धातूही फेकण्याचाच. तरी मला इथे हरकतच हवी.

कारण खाणीच्या वसाहतीत एकाच भिंतीच्या दोन बाजूंना हा शब्द दोन अर्थांनी बोलला जातो. एका घरात 'ये क्या हरकत है' म्हणून पोराचा कान पिळला जातो. पलीकडच्या घरात 'माझी हरकत आहे' म्हणून मोठा माणूस हात वर करतो. तेराव्या कलमाचा सगळा झगडा या भिंतीत आहे. सात-आठ वर्षांचे पोर न्यायाधीशांच्या खोलीत 'मी नाही जाणार' म्हणते, तेव्हा ती हिंदीतली हरकत की मराठीतली? हट्ट की आक्षेप? वकिलांचा ठरलेला मुद्दा असतो की मुलाला पढवले आहे, आणि पढवलेला पोपट म्हटले की साक्ष संपली. इंग्रजीत यासाठी 'ट्यूटर्ड' म्हणतात. हा शब्द पाहून मी थोडा वेळ थांबलो. रोमन कायद्यात 'तूतोर' म्हणजे शिक्षक नव्हे, पालक, रक्षण करणारा. म्हणजे पालकाने पालकपण केले की मूल आपोआप 'ट्यूटर्ड' होते, आणि मग पालक शोधणारे न्यायालय त्याच मुलाचे म्हणणे बाजूला ठेवते. ज्या खटल्यात आई हलवते, बाप हलवतो, दूतावास हलतात, विमाने हलतात, तिथे हलण्याचा धातू एकदा तरी मुलाच्या नावावर चढावा असे मला वाटते. त्याच्या पुढे हवे तर अ.पा.क. लिहा.

आजीबाईंना मी यातले काही सांगितले नाही. एवढेच म्हटले, की ताबा आईला दिला, पण पोराला विचारूनच दिला. त्या म्हणाल्या, "थे का म्हणते? नोको म्हणत असन."

नको. इंग्रजी पोराला सगळ्यासाठी एकच 'नो'. मराठी पोरापाशी नाही आहे, नव्हे आहे, आणि नको आहे. 'नाही' माहिती देते, 'नव्हे' चूक सुधारते, आणि 'नको' मन सांगते. न्यायालये नुसती नापसंती आणि खरी हरकत यांत जो फरक करू पाहतात, तो बहुधा या तिन्हींच्या मधल्या फटींत कुठेतरी बसत असावा. 'नको' हा शब्द दखनी हिंदीने मराठीकडून उचलला आणि 'नक्को' करून पार हैदराबादपर्यंत नेला. अपहरण म्हणा की स्वयंवर. 'नको'तला 'न' कळतो. 'को' कळत नाही. 'तू जाऊ नको', पण 'तुम्ही जाऊ नका': म्हणजे को ला क्रियापदासारखे प्रत्यय लागतात, तेव्हा त्यात करणे दडलेले असावे काय? पण मग 'मला आंबा नको', 'मला आंबे नकोत', इथे तो कर्त्याला सोडून आंब्यांमागे का जातो? आणि आजीबाईंच्या 'नोको'त पहिल्याच अक्षराला ओ कुठून चिकटला?